ऑलिव्हच्या ओल्या चोथ्यातून ऊर्जा मिळवताना त्यातील पाण्याचे काय करावे?

प्रश्न: ओंजळ

नमस्कार.

पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी जो प्रबंध लिहीत आहे, त्याचा विषय ऑलिव्ह तेल काढल्यावर उरणाऱ्या टाकाऊ पदार्थांपासून नवीकरणीय ऊर्जा मिळवणे हा आहे. स्पेनच्या आंदालुसिया प्रदेशातील मध्यम आकाराच्या सहकारी तेलघाण्याचे एक काल्पनिक प्रारूप मी त्यासाठी तयार केले आहे. हा घाणा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामात सुमारे ५,००० टन फळ गाळतो. तेथील डिकँटर (दळलेले फळ वेगाने फिरवून त्यातून तेल वेगळे करणारे यंत्र) दोन-प्रवाही पद्धतीचा आहे, म्हणजे एका तोंडातून तेल बाहेर पडते आणि दुसऱ्या तोंडातून पाणी, गर, साल व फुटलेल्या आठळ्या यांचा एकत्र लगदा. स्पेनमध्ये या लगद्याला आल्पेरूहो म्हणतात. १०० किलो फळामागे साधारण २० किलो तेल आणि ८० किलो लगदा निघतो, व त्या लगद्यात ६५ टक्के पाणी असते, असे मी धरले आहे.

वाचनातून तीन मार्ग समोर आले. लगदा वाळवून बॉयलरमध्ये जाळणे, हवाबंद टाकीत कुजवून बायोगॅस काढणे, आणि फक्त आठळ्या वेगळ्या करून त्यांचे इंधन करणे व उरलेला गर शेताकडे पाठवणे. अडचण अशी होते, की ज्या मार्गाविषयी वाचावे तोच सर्वांत किफायतशीर वाटू लागतो. बहुतेक लेखनात कोरड्या पदार्थाचे उष्मांक मूल्य, म्हणजे तो जाळल्यावर मिळणारी उष्णता, दिलेले असते आणि विवेचन तेथेच थांबते. प्रत्यक्षात घाण्याच्या मागच्या हौदात जे पडते ते कोरडे मुळीच नसते.

इतक्या ओल्या पदार्थातून निव्वळ ऊर्जा किती मिळते, याचा हिशेब कसा मांडावा? आणि ५,००० टनांच्या घाण्याने स्वतः वीज तयार करण्याचा विचार करावा का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद १: बाष्पक

आपण प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे. जैवइंधनाच्या बॉयलरवर बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे, की कोणत्याही ओल्या इंधनाचा हिशेब पाण्यापासून सुरू करावा आणि उष्मांक मूल्याकडे त्यानंतर वळावे.

एक टन फळ घेऊ. त्यापासून ८०० किलो लगदा निघतो, त्यात २८० किलो कोरडा पदार्थ आणि ५२० किलो पाणी असते. कोरड्या पदार्थाचे उष्मांक मूल्य किलोमागे १८ ते १९ मेगाज्यूल धरले, तर कागदावर ५,००० मेगाज्यूलहून अधिक ऊर्जा दिसते. मात्र हा लगदा १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचा झाल्यास जवळजवळ ४९० किलो पाणी उडवावे लागते. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता किलोमागे सुमारे २.३ मेगाज्यूल आहे, पण कोणताही फिरता ड्रायर एवढ्यावर भागत नाही. चिमणीवाटे जाणारी उष्णता आणि ड्रायरच्या पत्र्यातून होणारी गळती धरून किलोमागे साडेतीन मेगाज्यूल हा प्रामाणिक आकडा आहे. याचा अर्थ १,७०० मेगाज्यूल, म्हणजे एकूण ऊर्जेचा तिसरा हिस्सा, फक्त वाळवण्यात जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की आठळ्या आधी वेगळ्या काढाव्यात. डिकँटरनंतर चाळणीचा विभाजक बसवला की टनभर फळामागे कोरड्या वजनाने ८० किलोंच्या आसपास आठळ्यांचा भुगा मिळू शकतो. त्यातून सुमारे १,५०० मेगाज्यूल, म्हणजे ४०० हून अधिक युनिट उष्णता मिळते (येथे युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास). हे इंधन फार गुणी आहे. दोन ते पाच मिलिमीटरचे कठीण दाणे, एका घनमीटरात सुमारे ७०० किलो वजन, आणि राख एक टक्क्याहून कमी. दाणा चांगला धुतला गेला असेल आणि त्याला गर चिकटलेला नसेल, तर तो स्क्रू-कन्व्हेयरमधून धान्यासारखा वाहतो आणि लाकडी पेलेटच्या बर्नरमध्ये थोड्याफार फेरफाराने जळतो. हातात घेऊन चोळल्यावर बोटांना काळसर तेलकट थर लागला, तर विभाजक नीट चालत नाही असे समजावे, कारण तो थरच पुढे धूर आणि राख वाढवतो. स्पेनमध्ये अशा आठळ्यांच्या प्रतीसाठी स्वतंत्र मानक आहे आणि घरगुती व संस्थात्मक बॉयलरसाठी त्यांची नियमित विक्री होते. दोन किलो आठळ्यांमधून जवळजवळ एक लिटर हीटिंग ऑइलएवढी उष्णता मिळते. घाण्याची स्वतःची गरज, म्हणजे दळलेले फळ मळण्याच्या भांड्याचे तापमान २७-२८ अंशांवर ठेवणे आणि धुण्याचे पाणी तापवणे, या साठ्याच्या लहानशा भागात भागते. बाकीचा माल विकता येतो.

उरलेल्या गराबाबत मात्र सावध राहावे. आठळ्या काढल्यावर पाणी जवळजवळ सगळे गरातच राहते, त्यामुळे ओलाव्याचे प्रमाण ६५ वरून ७० टक्क्यांच्या पुढे जाते. शिवाय आठळ्यांमुळे लगद्याला जो भरडपणा असतो तो नाहीसा होतो. असा गर ड्रायरमध्ये गेला की त्यातील शर्करेमुळे तो पत्र्याला चिकटतो, त्याचे गोळे बनतात, गोळ्याच्या बाहेरचा थर करपतो आणि आत ओल तशीच राहते. म्हणून वाळवणारे कारखाने आधी वाळलेला काही माल ओल्या मालात परत मिसळतात आणि मगच तो ड्रायरमध्ये सोडतात.

स्पेनमध्ये हे काम बहुतेक ठिकाणी घाणा स्वतः करत नाही. अनेक घाण्यांचा लगदा एका मोठ्या कारखान्यात जातो, तेथे तो वाळवून हेक्झेन या द्रावकाने उरलेसुरले तेल काढतात, आणि जो कोरडा चोथा राहतो, ज्याला ओरूहीयो म्हणतात, तो वीजकेंद्रात जाळला जातो. हाएन प्रांतातील व्हियानुएव्हा देल आर्सोबिस्पो येथे १६ मेगावॉटचे असे केंद्र आहे. एवढे केंद्र वर्षभर चालवायचे तर ढोबळ हिशेबाने एक लाख टनांच्या घरात कोरडे इंधन लागते. तुमच्या घाण्याचा सगळा गर वाळवला तरी ११०० टन होईल. यावरून वाफेच्या टर्बाइनचा विचार एकट्या घाण्याने का करू नये, हे लक्षात येईल. लहान आकारात ही टर्बाइन इंधनातील ऊर्जेचा पाचवा हिस्साही विजेत बदलत नाही आणि भांडवली खर्च मात्र आकाराच्या मानाने कमी होत नाही.

ओरूहीयोविषयी आणखी एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. त्याची राख आठळ्यांच्या कित्येक पट असते आणि तिच्यात पोटॅशियम व क्लोरीन भरपूर असते. पोटॅशियममुळे राखेचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, शेगडीवर वितळलेल्या राखेचा खंगर जमतो आणि सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांवर चिकट थर बसतो. लाकडासाठी बनवलेल्या बॉयलरमध्ये हे इंधन सरळ टाकले, तर पहिल्याच हंगामात नळ्या साफ करण्यासाठी संच वारंवार बंद ठेवावा लागतो.

प्रतिसाद २: जलतरंग

बाष्पक यांनी मांडलेला पाण्याचा हिशेब मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्याच हिशेबावरून माझा निष्कर्ष मात्र वेगळा निघतो. माझे काम औद्योगिक सांडपाण्याच्या हवाबंद प्रक्रियेचे आहे.

आठळ्या काढल्यावर एक टन फळामागे सुमारे ७०० किलो गर उरतो आणि त्यात २०० किलो कोरडा पदार्थ असतो. तो वाळवला तर जवळजवळ ३,६०० मेगाज्यूल मिळतात, त्यातून ड्रायरचे १,६०० ते १,७०० वजा केले की १,९०० उरतात, म्हणजे ५२५ युनिट उष्णता. आता तोच गर न वाळवता टाकीत घाला. त्यातील सेंद्रिय भाग १८० किलोंच्या आसपास असतो. किलोमागे पाव घनमीटर मिथेन धरला, तर ४५ घनमीटर मिथेन मिळतो, आणि एका घनमीटरात सुमारे दहा युनिट उष्णता असल्यामुळे बेरीज ४५० युनिट होते. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत, की फळाच्या जातीने किंवा हंगामाने त्यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणजे कोरड्या पदार्थाच्या उष्मांक मूल्यात जी प्रचंड आघाडी दिसत होती, ती पाणी उडवण्यातच संपते.

वीज करायची झाली तर पारडे बायोगॅसकडे झुकते. गॅसचे इंजिन लहान आकारातही ३५ ते ४० टक्के कार्यक्षमतेने चालते, त्यामुळे ४५० युनिटांतून १७० युनिट वीज मिळते. लहान वाफेच्या संचातून ५२५ युनिटांचे १०० युनिट हाती लागले तरी पुष्कळ झाले. शिवाय इंजिनाच्या थंडाव्याच्या पाण्यातून मिळणारी उष्णता टाकी ३५ ते ३८ अंशांवर ठेवण्यास पुरून उरते आणि हंगामात ती घाण्याच्याही कामी येते.

५,००० टन फळांचा हिशेब केला तर वर्षाला सुमारे सव्वादोन लाख घनमीटर मिथेन होतो. तो वर्षभर सारखा वापरला तर १०० किलोवॉटच्या आसपासचे इंजिन लागते. हंगामातच संपवायचा म्हटले तर तीन ते चार पट मोठे इंजिन घ्यावे लागेल, जे उरलेले आठ महिने बंद राहील. म्हणून खरा प्रश्न गर साठवण्याचा आहे. उघड्या हौदात लगदा पडून राहिला की त्याचे आपोआप किण्वन सुरू होते आणि चार-इथाइलफिनॉल या संयुगाचा उग्र दर्प परिसरात पसरतो. त्याच वेळी मिथेनही हवेत जातो, ज्याची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. झाकलेला हौद किंवा हवा काढून बंद केलेल्या मोठ्या पिशव्या हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीपासून धरावा. अनेक प्रस्तावांत तो दिसत नाही, आणि तो न धरणे म्हणजे शेजारच्या गावावर तो खर्च लादणे होय, असे मला मनापासून वाटते.

आता अडचणी. ऑलिव्हच्या गरात पॉलिफिनॉल संयुगे भरपूर असतात आणि ती जीवाणूंना मारक असतात. उरलेल्या तेलापासून टाकीत ओलेइक आम्लासारखी दीर्घ साखळीची मेदाम्ले सुटतात, ती मिथेन करणाऱ्या जीवाणूंच्या पृष्ठभागावर चिकटून त्यांचे काम थांबवतात आणि वर साय धरतात. नत्र कमी असते आणि आम्लता शोषून घेणारी क्षमताही कमी असते, त्यामुळे एकट्या गरावर चालवलेली टाकी आंबून बंद पडण्याचा धोका कायम राहतो. गुरांचे शेण किंवा डुकरांच्या गोठ्यातील मलमूत्र यांची जोड दिली की नत्र मिळते, आम्लता सावरली जाते आणि फिनॉलही पातळ होतात. कर्ब-नत्राचे गुणोत्तर २० ते ३० यांच्या दरम्यान आणावे. कोंबडीखत कमी प्रमाणात पुरते, मात्र ते जास्त झाले तर अमोनियाचा त्रास उलट्या बाजूने सुरू होतो.

आणि आठळ्या आधी काढाव्यात, या सल्ल्याला माझा दुहेरी पाठिंबा आहे. त्यांच्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, टाकीत कुजत नाही. आठळ्यांचे तुकडे वाळूसारखे तळाशी बसतात, पंपाचे पाते झिजवतात आणि काही काळाने टाकीची उपयोगी जागाच कमी करतात. जी वस्तू बॉयलरमध्ये सर्वोत्तम इंधन ठरते, तीच टाकीत सर्वांत निरुपयोगी ठरते.

प्रतिसाद ३: ओंजळ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही हिशेब एकमेकांच्या इतके जवळ येतील, याची मला कल्पना नव्हती.

दोन शंका आहेत. इटली, ग्रीस आणि ट्युनिशिया येथे अनेक ठिकाणी तीन-प्रवाही पद्धत वापरली जाते, तेथे चोथा कमी ओला असतो आणि पाणी वेगळे निघते. ऊर्जेच्या दृष्टीने ती पद्धत अधिक सोयीची म्हणता येईल का? दुसरे असे, की ओला पदार्थ न वाळवता दाबाखाली तापवून त्याचा कोळसा करण्याच्या जलऔष्णिक प्रक्रियेविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. माझ्या घाण्यासाठी तिचा विचार करावा का?

प्रतिसाद ४: मृद्गंध

पहिल्या शंकेविषयी लिहितो. माझा विषय मृदाशास्त्र आहे, त्यामुळे मी याकडे जमिनीच्या बाजूने पाहतो.

तीन-प्रवाही पद्धतीत १०० किलो फळामागे ५० ते ५५ किलो चोथा निघतो व त्यात पाणी ४५ ते ५० टक्के असते, म्हणून तो वाळवणे नक्कीच स्वस्त पडते. परंतु डिकँटरमध्ये गरम पाणी ओतावे लागते आणि १०० किलोंमागे सुमारे १०० लिटर काळे, आम्लधर्मी सांडपाणी वेगळे बाहेर येते. त्याची रासायनिक प्राणवायू मागणी (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) लिटरमागे ४० ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंत असू शकते, तर शहरी सांडपाण्यात ती सुमारे अर्धा ग्रॅम असते. घरगुती मैल्यासाठी बांधलेले केंद्र असा एक टँकरही सुखाने पचवू शकत नाही. हे पाणी नदीत सोडल्यामुळे ग्वादालकिवीरच्या खोऱ्याचे इतके नुकसान झाले, की स्पेनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नदीत सोडण्यास बंदी घातली आणि घाण्यांनी बाष्पीभवनाचे हौद बांधले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन-प्रवाही डिकँटर आले आणि स्पेनमधील घाण्यांनी ते झपाट्याने स्वीकारले, त्यामागे हेच कारण होते. सांडपाणी नाहीसे झाले असे त्या वेळी सांगितले गेले. प्रत्यक्षात ते चोथ्यात शिरले आणि आज आपण ज्या लगद्याविषयी बोलत आहोत तो तयार झाला. पाण्याचा प्रश्न एका प्रवाहातून दुसऱ्या प्रवाहात गेला. इटलीने वेगळा मार्ग धरला. तेथे १९९६ च्या ५७४ क्रमांकाच्या कायद्याने हे पाणी शेतात पसरण्यास परवानगी दिली, पारंपरिक दाबयंत्रांच्या पाण्यासाठी हेक्टरी वर्षाला ५० घनमीटर आणि सलग चालणाऱ्या यंत्रांच्या पाण्यासाठी ८० घनमीटर अशी मर्यादा घालून.

चोथा जाळणे ही या भूप्रदेशात फार जुनी गोष्ट आहे. पाँपेई येथील उत्खननात जळालेल्या ऑलिव्हच्या आठळ्या मोठ्या प्रमाणात मिळाल्या आहेत, आणि रोमन काळातील उत्तर आफ्रिकेत मातीची भांडी भाजण्याच्या भट्ट्यांतही हाच चोथा इंधन म्हणून वापरला जात होता. लेव्हांतमध्ये, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याच्या प्रदेशात, आजही वाळलेला चोथा हिवाळ्यात घरोघरी जाळतात. मला या परंपरेविषयी आदर आहे, तरीही आपल्या प्रबंधात एक प्रश्न जरूर यावा असे वाटते: सगळेच जाळायचे का?

आंदालुसियातील ऑलिव्हच्या बागा बऱ्याच ठिकाणी चढउतारांच्या जमिनीवर आहेत. तेथे जोराचा पाऊस आला की माती वाहून जाते आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब अतिशय कमी असतो. फळाबरोबर दर वर्षी पोटॅशियम बागेबाहेर जाते. लगदा जाळला तर कर्ब हवेत जातो, नत्रही जाते, आणि राखेतील पोटॅश तेवढे परत आणता येते, तेही कोणी आणले तर. जलतरंग यांनी सुचवलेल्या मार्गाने टाकीतून बाहेर येणाऱ्या मळीत नत्र, पोटॅश आणि न कुजलेला कर्ब हे तिन्ही राहतात. ती मळी घाण्यातच साफ केलेल्या ऑलिव्हच्या पानांबरोबर आणि डहाळ्यांबरोबर काही महिने कुजवली, तर उत्तम खत होते आणि फिनॉलचा दोषही बराच ओसरतो. बायोगॅसच्या बाजूने माझा कौल पडतो तो या मळीमुळे, विजेमुळे नव्हे.

ताजा लगदा सरळ झाडांच्या बुंध्याशी ओतण्याचा मोह मात्र टाळावा. फिनॉल आणि आम्लता यांमुळे मुळांची वाढ खुंटते, उरलेल्या तेलामुळे मातीचा वरचा थर पाणी शोषेनासा होतो, आणि जास्त कर्ब मिळालेले मातीतील जीवाणू असलेले नत्र स्वतःकडे ओढून घेतात.

प्रतिसाद ५: बाष्पक

जलऔष्णिक कोळशाविषयी थोडक्यात लिहितो. १८० ते २५० अंश तापमान आणि पाणी वाफ होऊ नये इतका दाब असेल, तर लगद्यातील पाणी न उडवता कोळसा तयार होतो, आणि तो कोळसा यंत्राने दाबून बऱ्यापैकी कोरडा करता येतो. बाष्पीभवनाची उष्णता वाचते, हा मुद्दा खरा आहे. पण दाबून काढलेले पाणी पुन्हा सेंद्रिय संयुगांनी भरलेले असते आणि त्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते. चार महिने चालणाऱ्या घाण्याने दाबपात्रे, त्यांची तपासणी आणि प्रशिक्षित चालक यांचा भार एकट्याने घेऊ नये. अनेक घाण्यांचा लगदा जेथे एकत्र येतो आणि वर्षभर इतरही ओला कचरा मिळतो, तेथे तिचा विचार करता येईल. वायूकरणाचेही, म्हणजे अपुऱ्या हवेत तापवून इंधनाचा ज्वलनशील वायू करण्याचेही, असेच आहे. त्या भट्टीला १५ ते २० टक्क्यांहून कमी ओलावा आणि एकसारखा दाणा लागतो, त्यामुळे तिच्यात आठळ्या चांगल्या चालतात, गर चालत नाही. वायूतील डांबर इंजिनापर्यंत पोहोचू न देणे हे तेथले खरे काम आहे.

जलतरंग यांच्या आकड्यांनंतर गर वाळवण्याविषयी माझे मत एवढेच राहते, की वाळवणे ऊर्जेसाठी परवडत नसले तरी तेलासाठी परवडू शकते. द्रावकाने काढलेल्या चोथ्याच्या तेलाला बाजार असेल तर ड्रायरचा खर्च तेल उचलते आणि ओरूहीयो हे इंधन जवळजवळ उपउत्पादन म्हणून मिळते. पन्नासेक किलोमीटरच्या आत असा कारखाना असेल, तर त्याच्याकडे गर पाठवण्याचा पर्याय आपल्या तुलनेत असायलाच हवा. मात्र त्यात ७० टक्के पाणी ट्रकमधून वाहून नेले जाते, हे वाहतुकीच्या खर्चात दिसू द्या. ड्रायर कसा तापवतात हेही विचारा. चोथा जाळून निघालेले धुरकट वायू सरळ मालावरून नेले, तर बेंझोपायरीन हे कर्ककारक संयुग तेलात उतरते. याच कारणाने जुलै २००१ मध्ये स्पेनला चोथ्याचे तेल बाजारातून मागे घ्यावे लागले होते. त्यानंतर ड्रायरच्या तापमानाकडे आणि तेलाच्या शुद्धीकरणाकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

वाळलेल्या चोथ्याच्या ढिगाविषयीही काळजी घ्यावी. वरून पाऊस लागला किंवा ड्रायरमधून माल गरम असतानाच रचला गेला, तर तो आतून तापत जातो आणि काही आठवड्यांनी मधोमध धुमसू लागतो. ढिगाची उंची मर्यादित ठेवणे आणि आतले तापमान सळईच्या तापमापकाने रोज पाहणे, एवढी तजवीज पुरते, पण ती कोणाच्या तरी नावावर लावून दिलेली असावी.

विजेच्या दराविषयी आपण गृहीत काय धरले आहे ते तपासावे. स्पेनने नवीन प्रकल्पांसाठीचे वाढीव दर जानेवारी २०१२ मध्ये थांबवले आणि २०१४ मध्ये मोबदल्याची पद्धतच बदलली. त्याआधीच्या काळातील अहवालांत जो नफा दाखवलेला असतो तो आजच्या हिशेबात आणू नये. घाण्याने स्वतः वापरलेल्या विजेची बचत हा अधिक भरवशाचा आधार आहे.

प्रतिसाद ६: जलतरंग

वरील चर्चेनंतर आपल्या प्रारूपाची रचना मी अशी करेन. आठळ्या विभाजकाने वेगळ्या कराव्यात, त्यांतून घाण्याची उष्णता भागवावी आणि बाकीच्या विकाव्यात. गर झाकून साठवावा आणि वर्षभर थोडा थोडा करून, शेणाच्या जोडीने, टाकीत सोडावा. टाकी घाण्याची एकट्याची नसून जवळच्या पशुपालकांबरोबर भागीदारीत असावी, कारण शेण वर्षभर मिळते आणि गर मिळत नाही. मळी मृद्गंध यांनी सांगितल्याप्रमाणे बागेत परत जावी. ५,००० टन हा आकार स्वतंत्र टाकीसाठी अगदी काठावरचा आहे. भागीदार मिळाले नाहीत तर मी स्वतः आठळ्यांवर थांबेन आणि गर खतासाठी देईन.

कच्च्या मालाची अनिश्चितता हिशेबात अवश्य घ्यावी. ऑलिव्ह एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी कमी येतो, आणि त्यात दुष्काळाची भर पडते. स्पेनचे तेलाचे उत्पादन २०२१-२२ च्या हंगामात सुमारे १४ लाख ९० हजार टन होते, ते २०२२-२३ मध्ये निम्म्याहून कमी झाले. सरासरी हंगामावर आखलेले १०० किलोवॉटचे इंजिन अशा वर्षी कशावर चालणार, याचे उत्तर प्रबंधात असावे. शेणाची जोड येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते.

मी वर वापरलेला किलोमागे पाव घनमीटर मिथेनाचा आकडा हा मधला अंदाज आहे आणि तो आपल्या प्रबंधात जसाच्या तसा घेऊ नये. शक्य असल्यास एखाद्या घाण्यातून तीन नमुने मिळवावेत: डिसेंबरमध्ये डिकँटरमधून नुकताच बाहेर पडलेला, मार्चमध्ये हौदातला आणि जुलैमध्ये हौदाच्या तळाजवळचा. प्रत्येकाची मिथेनक्षमता चाचणी आठळ्यांसह व आठळ्यांविना, आणि शेणाच्या दोन वेगवेगळ्या प्रमाणांत करावी. चाचणीत जीवाणूंचे बीज म्हणून वापरायची मळी आधीपासून मेदयुक्त कचऱ्यावर चाललेल्या टाकीतून घ्यावी, अन्यथा पहिले काही आठवडे जीवाणूंना सवय होण्यातच जातात आणि वायूची वक्ररेषा खोटी उशिरा चढते. चाचणी किमान ४० दिवस चालू ठेवावी. जुलैच्या नमुन्यात सेंद्रिय भाग किती कमी झाला आहे, हा आकडा मिळाला की झाकणावर किती खर्च करणे योग्य आहे ते आपल्याला मोजून सांगता येईल. चाचणीचा आराखडा तयार झाला की येथेच टाकावा, म्हणजे नमुने गोळा करण्याआधी त्यावर आम्हाला काही सुचवता येईल.